मुरलेले पाणी

डोंबिवलीतल्या या घरात सकाळ थेट येत नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या चार काळ्या टाक्या आहेत. सूर्य त्यांच्यामागे बराच वेळ रेंगाळतो आणि मग दोन टाक्यांमधल्या फटीतून उजेडाचा एक तिरपा पट्टा आमच्या तिसऱ्या मजल्यावर सोडून देतो. कारखान्यांचा धूर खाली बसलेला असला, की तो पट्टा पिवळसर असतो. रात्री वारा सुटलेला असला, तर ताकाच्या निवळीसारखा पांढुरका. तो आधी भिंतीवर उंच, घड्याळाच्या काचेवर पडतो. मग खिडकीच्या गजांच्या सावल्या बरोबर घेऊन हळूहळू खाली उतरतो: कॅलेंडरावर, खुंटीवरच्या छत्रीवर, औषधांच्या डब्यावर. घरात कुकर शिट्ट्या देत असतो, कुणी मोजा शोधत असते. त्या उजेडाकडे कुणाचेही लक्ष नसते. पावणेआठच्या सुमारास तो माझ्यापर्यंत पोचतो आणि दहा-बारा मिनिटे माझ्या पोटातून आरपार जातो. आत शिरताना पांढरा असतो, बाहेर पडताना कोऱ्या चहाच्या रंगाचा होऊन पलीकडच्या भिंतीवर थरथरतो.

मित्रांनो, ज्याच्या पोटातून तो उजेड जातो, तो मी: एक जुना, दोन फुटी फिश टँक. माझ्या डाव्या कडेला एक टवका उडालेला आहे आणि माझे पाणी चहाच्या रंगाचे आहे. एके काळी मला या दोन्ही गोष्टींची फार लाज वाटत असे.

माझा जन्म बाळकुमला, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. राघो नावाच्या कारागिराने पाच काचा कापल्या, त्यांच्या कडा घासल्या आणि सिलिकॉन भरून सांध्यांवरून एकदाच, न थांबता, बोट फिरवले. दोन दिवस त्याने मला काठोकाठ भरून वर्तमानपत्रावर ठेवले. कागद कोरडा राहिला, तेव्हा तो शेजारच्या सुताराला म्हणाला, “काच दिसली तर काम फसलं समज. मासे हवेत पोहतायत असं वाटलं पाहिजे.” जन्मतःच कानावर पडलेले हे वाक्य मी माझा धर्म मानले. दिसू नये इतके स्वच्छ असावे, याहून मोठी इच्छा मी कधी केली नाही.

पुढे सात वर्षे मी ठाण्यात एका दाताच्या डॉक्टरांकडे होतो. दर शनिवारी एक माणूस येई, माझ्यातले सगळे पाणी उपसून टाकी, मला आतून-बाहेरून घाशी आणि नवे पाणी भरी. रडत आलेली मुले माझ्यासमोर गप्प होत. “काय लख्ख ठेवलंय,” असे मोठी माणसे सुजलेल्या गालांनी म्हणत. माझ्यातला एखादा सोनेरी मासा महिन्या-दीड महिन्याने उलटा होई, आणि शनिवारी पिशवीतून तसाच दुसरा येई. मुलांना ते कधी कळले नाही. मी काचेची वस्तू. मला काय करता येणार होते? पाणी स्वच्छ होते, आणि लोक कौतुक करत होते.

मग डॉक्टरांनी दवाखान्याचे नूतनीकरण केले. माझ्या जागी भिंतीवर टीव्ही आला आणि मी जिन्याखाली गेलो. तिथे माझ्यात खराटा, फुटकी बादली आणि जुनी मासिके ठेवत. दोन वर्षे मला कुणी पुसले नाही.

तिथेच मला सौमित्र भेटला. सव्वीस वर्षांचा, ठाण्यातल्या एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढणारा, खाली पाहून चालणारा. खाली पाहून चालत असल्यामुळेच त्याला मी दिसलो. दाताच्या उपचारासाठी तो चार वेळा आला. तीन वेळा माझ्यापाशी थांबून काही न बोलता निघून गेला. चौथ्या वेळी त्याने घसा साफ करून स्वागतकक्षातल्या बाईंना विचारले.

“तो? न्या हो न्या,” त्या म्हणाल्या. “फक्त खराटा इथंच ठेवा.”

सौमित्र मला मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आला. घरात त्याची आई सरोजताई आणि कॉलेजात जाणारी धाकटी बहीण उर्वी. वडील चार वर्षांपूर्वी गेले होते. तेव्हापासून सौमित्रचे बोलणे कमी होत होत ‘हो’, ‘नको’ आणि ‘येतो’ एवढ्यावर आले होते. सरोजताई मात्र दोघांच्या वाट्याचे बोलत.

“अरे, हे काय आणलंयस? आपल्याला बसायला जागा नाही, आता माशांची सोय.”

“दादा स्वतःच माशासारखा आहे,” उर्वी म्हणाली. “तोंड उघडतो, पण आवाज येत नाही.”

सौमित्र हसला. हसतानाही आवाज आला नाही.

ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, जगन नावाच्या माणसाचे माशांचे दुकान आहे. सौमित्रने त्याच्याकडे ॲपिस्टो मागितले. हे बोटाच्या दोन पेरांएवढे मासे, सिक्लिड घराण्यातले बटू. जगनने सौमित्रच्या घरी येऊन माझे माप घेतले, तेव्हाचे त्याचे बोलणे मी ऐकले आहे.

“सिक्लिड म्हटलं की लोकांना मारामारी आठवते. हे तसले नाहीत, सभ्य आहेत. पण सभ्य माणसाला गर्दी नको असते, काय साहेब? एक जोडी, वर आठ बारके टेट्रा मासे, बस्स. आणि मासे आज नाही देणार मी. आधी पाणी मुरू दे. लोणचं कसं, घातल्या दिवशी खातो का आपण? महिनाभर नुसतं पाणी चालव. फिल्टरच्या स्पंजात, वाळूत, डोळ्यांना न दिसणारे जीव धरतात. माशांची घाण तेच खातात. ते मेले तर समज मासेही गेले. टाकी कधी सगळी धुवायची नाही. आठवड्याला दोन तांबे काढायचे, दोन घालायचे. आणि बदामाची सुकी पानं टाक आत. पाणी लाल होईल. होऊ दे. यांचं मूळ गावच तसल्या पाण्याचं आहे.”

सौमित्रने रस्त्यावरच्या देशी बदामाची गळलेली पाने वेचून आणली, उकळली आणि माझ्यात सोडली. दोन दिवसांत माझे पाणी रंगले. महिनाभर त्यात एकही मासा नव्हता.

“मासे नसलेली टाकी आणि तीही गढूळ,” सरोजताई शेजारणीला सांगत, “आमच्याकडे सगळंच जगावेगळं.” शेजारीण माझ्याकडे वाकून पाहायची आणि नाक मुरडायची. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. दिसू नये एवढीच ज्याची महत्त्वाकांक्षा, त्याच्याकडे बोट दाखवून लोक म्हणत होते, घाण आहे. मी रोज मनात म्हणे, कुणीतरी मला धुवा.

मग मासे आले. नराच्या पाठीवरचा पंख ज्वाळेसारखा उभा राही. मादी लहान, राखी, लक्षात न येणारी. तिला पाहताना मला सौमित्र आठवे. सरोजताईंनी कुरकुर करतच स्वयंपाकघरातून नारळाची एक करवंटी दिली, सौमित्रने तिला एका बाजूने खाच पाडली आणि वाळूवर पालथी ठेवली. दोन महिन्यांनी मादी त्या करवंटीत शिरली आणि बाहेर आली ती हळदीसारखी पिवळीधमक होऊन. आत, करवंटीच्या छताला, लालसर मोत्यांसारखी अंडी चिकटलेली होती.

सौमित्रने त्या दिवशी घरात स्वतःहून बातमी सांगितली. सगळे वाकून पाहून गेले. तिसऱ्या दिवशी अंडी दिसेनाशी झाली. नवी आई गडबडली, की कधी कधी ती स्वतःच अंडी खाते. “दादा, तुझ्या पिवळीनं आम्लेट केलं बघ,” उर्वी म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हते. पण सौमित्रने मनाशी काय ठरवले, ते मला त्याच्या बंद ओठांवरून कळले. पुढच्या खेपेस मादी पिवळी झाली, तेव्हा तो कुणालाही काही बोलला नाही.

या वेळी अंडी टिकली. नवव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले करवंटीच्या तोंडाशी उसळू लागली. आई शेपटी हलवून खूण करी, आणि सगळा थवा वाळूवर बसे. दुसरी खूण करी, आणि थवा उठे. सौमित्र जमिनीवर पोटावर झोपून, नाक माझ्या काचेला लावून, मोजत होता. सदतीसपर्यंत आकडा गेला. इतका आनंदी चेहरा या घरात आल्यापासून मी पाहिला नव्हता. पिल्लांना पहिले दोन-तीन दिवस बारीक खाद्य मिळाले नाही, तर ती उपाशी मरतात. म्हणून रविवारी सकाळी जगनचे दुकान उघडायच्या वेळेला तो खोपटला निघाला.

“आज लोक यायचेत, लक्षात आहे ना?” सरोजताईंनी विचारले. संध्याकाळी संचिता नावाची मुलगी आईवडिलांबरोबर सौमित्रला पाहायला येणार होती.

“हो. दुपारपर्यंत येतो.”

दार लागले. सरोजताई बराच वेळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“उर्वे, हा पोरगा त्या लोकांसमोर बोलणार काय गं?”

“काही नाही. पोहे खाईल.”

“एवढी एक टाकी आहे, जिच्याबद्दल तो चार शब्द बोलेल. आणि तीही अशी डबक्यासारखी. चल, हात लाव. धुऊन लख्ख करू, त्याला बरं वाटेल.”

“दादा ओरडेल.”

“तो कधी ओरडलाय?”

त्यांनी जाळीने दोन्ही मोठे मासे आणि टेट्रा पकडून नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवले. मग तांब्याने थोडे पाणी मोरीत उपसून दोघींनी मला तिथे नेले आणि तिरके केले. पाणी, पाने, आणि पानांच्या रंगात मिसळून गेलेले सदतीस ठिपके मोरीच्या जाळीखालून वाहून गेले. त्यांना दिसलेच नाहीत, मित्रांनो. ते दिसण्यासारखे नव्हतेच. करवंटी त्यांनी काथ्याने घासली. वाळू सात पाण्यांतून काढली. स्पंज साबण लावून पिळला. पंचावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाई दोन तास मोरीत बसून, घामाने निथळत, मुलासाठी काम करत होत्या. मी ओरडू शकलो नाही. काचेला आवाज फुटतो तो फक्त तडकताना.

सौमित्र दुपारी आला, तेव्हा मी जागेवर होतो. पाणी पारदर्शक होते. त्याच्या हातात खाद्याची पुडी होती. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि उभाच राहिला.

“बघ, ओळखू येतेय का?” सरोजताई पदराला हात पुसत म्हणाल्या. “तुला म्हटलं नव्हतं, स्वच्छ असलं की मासे किती छान दिसतात.”

त्याने पुडी खिशात घातली. “हो,” तो म्हणाला.

संध्याकाळी पाहुणे आले. संचिताचे वडील माझ्याकडे बोट करून म्हणाले, “वा, काय सुंदर ठेवलीय टाकी. पाणी आहे की नाही तेच कळत नाही.” सरोजताईंनी अभिमानाने मुलाकडे पाहिले. आता तो बोलेल, असे त्यांना वाटत होते. तो चहाच्या कपात पाहत होता.

संचिता उठून माझ्याजवळ आली. नर वरच्या कोपऱ्यात धापा टाकत होता. मादी अजून पिवळी होती. ती करवंटीत शिरे, बाहेर येई, शेपटी हलवून वाळूकडे खूण करी, थांबे, आणि पुन्हा करवंटीत शिरे.

“ही सारखी आत-बाहेर का करतेय?” संचिताने विचारले. “काही शोधतेय का?”

“पिल्लं,” सौमित्र म्हणाला.

“कुठे आहेत?”

“होती. सकाळपर्यंत.”

तो हे अगदी शांतपणे म्हणाला, पण सरोजताईंच्या हातातला पोह्यांचा ट्रे तिरका झाला आणि एक चमचा खाली पडला. चमचा उचलायचे कुणालाच सुचले नाही. मग संचिताच तो उचलून आत ठेवून आली.

पाहुणे गेल्यावर सरोजताई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. “किती होती रे?”

“होती थोडी.”

“किती, सांग.”

“सदतीस.”

“मला एका शब्दानं बोलला असतास...”

“बोलायला हवं होतं,” तो म्हणाला. “तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तसंच चालू आहे आपलं, आई. बाबा गेल्यापासून.”

पहिल्यांदाच त्या घरात मुलगा बोलला होता आणि आई गप्प होती.

नर दुसऱ्या दिवशी गेला. मादीचा पिवळा रंग आठवडाभराने उतरला, पण ती जगली. सौमित्रने पाणी पुन्हा पहिल्यापासून मुरवायला घेतले. सरोजताई आता मला पुसायच्या आधी हाक मारून विचारतात, “याला बाहेरून फडकं मारू का रे?” आणि तो नुसते ‘हो’ म्हणत नाही, कोरडे मार, साबण नको, वरचे झाकण हलवू नकोस, असे सविस्तर सांगतो. त्यात कधी कधी दहा मिनिटे जातात. संचिताच्या घरून अजून निरोप आलेला नाही.

मित्रांनो, कुणाच्या जिवापाड जपलेल्या गोष्टीला मायेने हात लावायचा असला, तरी आधी त्याला विचारा. आणि तुम्ही काही जपत असाल, तर ते घरच्यांना सांगा. न सांगितलेली गोष्ट कुणी कशी सांभाळणार? पाण्याचे आरोग्य त्याच्या रंगावरून ठरवू नका.

एवढे सांगून मला थांबायचे होते. अशी सांगितली, की ही गोष्ट एका आईच्या घाईची आणि एका मुलाच्या अबोल्याची होते, आणि काचेकडे कुणी पाहत नाही. मला काही करता येण्यासारखे नव्हते, हे मी स्वतःला फार वेळा बजावले आहे, आणि ते खरेही आहे. पण त्या मोरीत, पाण्याबरोबर ती पिल्ले जाळीखालून जाताना मला स्पष्ट दिसत होती. आणि मला धुतले जात आहे, याचा मला आनंद झाला होता.