खंडेनवमीला आवळलेले दोन स्क्रू

मी एक जुनं एअर पिस्तूल आहे, मित्रांनो. अहो, दचकता काय! मी छर्रा मारतो तो हवेच्या जोरावर, आणि तोही दहा मीटरवरच्या कागदावर. उभ्या आयुष्यात मी कागदाशिवाय कुणालाही भोक पाडलेलं नाही. तेव्हा जरा जवळ सरका आणि माझी कहाणी ऐका. त्यातला एक दिवस तर असा आहे, की आठवला तरी माझी नळी थरथरते.

आधी माझ्या अंगाची ओळख करून देतो. माझ्या नळीच्या टोकावर एक बारीक काळी खुंटी आहे. तिला माशी म्हणतात. मागच्या बाजूला खाच पाडलेली एक पट्टी आहे. नेम धरणाऱ्यानं मागच्या खाचेत पुढची माशी मधोमध, माथ्याला माथा लावून बसवायची. ही पट्टी दोन चिमुकल्या स्क्रूंनी सरकते. वरचा स्क्रू तिला वरखाली नेतो, बाजूचा स्क्रू डावीउजवीकडे. स्क्रू फिरला की 'कट्' असा आवाज येतो. एका कट्ला पट्टी केसभरही हलत नाही, पण दहा मीटरवर छर्रा ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा सरकतो. कट् कट् करत कुणी पंचवीस वेळा फिरवलं तर काय होईल, याचा विचार करा. माझ्यावर तीच पाळी आली होती!

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. १९९१ साली पुण्यातल्या एका नेमबाज गृहस्थांनी मला आणलं. काय ते दिवस! ते मला मऊ फडक्यानं पुसायचे, पदक मिळालं की माझ्याच डब्यात ठेवायचे. पुढे नवी, हलकी पिस्तुलं आली आणि मी माळ्यावर गेलो. सहा वर्षं अंधारात पडून होतो. अंगावरचं तेल वाळून चिकट झालं. कुणी डब्याला हात लावला तरी वाटायचं, आता काढतील. पण तो हात शेजारची दिवाळीची माळ घेऊन जायचा.

शेवटी त्या गृहस्थांना हौशीराम तात्यांची आठवण झाली. तात्या म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. ते आपल्या गावी, जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाला राहत होते आणि तिथल्या पोरींना नेमबाजी शिकवावी असं त्यांच्या मनात होतं. मालकांनी मला उचलून त्यांच्या हवाली केलं. मी पुन्हा उजेडात आलो, आणि तोही कुठे? कांदा साठवायच्या बराखीत! कांदा विकून बराखी रिकामी झाली, की ती लांबच लांब जागा अगदी मापात बसायची. एका टोकाला लाकडाची फळी आणि कागद, दुसऱ्या टोकाला मी. माझ्या नाकात आजही कांद्याच्या पातीचा वास आहे.

तिथे हर्षाली आली. तेरा वर्षांची, सडपातळ, आणि बोलायला लागली तर थांबायची नाही. पण मला हातात घेतलं की तोंडाला कुलूप.

"माशी बघ, पोरी," तात्या म्हणायचे. "ते काळं गोल बघू नको. ते काय पळून जात न्हाई. माशी लख्ख दिसली पायजे, गोल धुरकट दिसलं तरी चालंल."

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. "पाच छर्रे मारल्याबिगर स्क्रूला हात लावायचा न्हाई. एक छर्रा चुकला तर तुझा हात चुकला. पाचीच्या पाची एकाच जागी चुकले, तर पट्टी चुकली."

माझी पट्टी हर्षालीच्या हाताला बसवायला तात्यांना दोन महिने लागले. प्रत्येकाची पकड वेगळी, डोळा वेगळा. पाच छर्रे, मग दोन कट्. पुन्हा पाच, मग एक कट्. ती कंटाळली की तात्या बराखीच्या दारातून दूर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्यांकडे बोट करायचे. "त्या हितं बोटभर फिरल्या, तर आभाळात कुठल्या कुठं जातात! तुझा स्क्रू तसाच हाय." एक दिवस पाचही छर्रे काळ्याच्या ऐन पोटात एकमेकांना चिकटून बसले. तात्यांनी लगेच दोन्ही स्क्रूंवर व्हाइटनरनं पांढरी रेघ ओढली. ती रेघ म्हणजे माझा आणि हर्षालीचा करार होता.

हर्षालीचे वडील भिमाजी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. माणूस सोन्यासारखा, पण खोड एकच. ढिला स्क्रू दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. पाहुण्यांच्या घरी जेवायला बसले तरी खुर्चीचे नट चाचपून बघायचे. हर्षाली दहावीत गेली तेव्हा त्यांनी बजावून सांगितलं, "यंदा राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली, तर मी जन्मात आडवा यायचो न्हाई. नाय झाली, तर पिस्तूल तात्याच्या घरी आन् तू पुस्तकात. कबूल?"

"कबूल," हर्षाली म्हणाली. डब्यातल्या डब्यात मला घाम फुटला. ती हरली तर माझा पुन्हा माळाच होता!

निवडीची स्पर्धा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंचरला होती. पहाटे निघायचं म्हणून तात्यांनी मला तीन दिवस आधीच हर्षालीच्या घरी पोचवलं आणि ताकीद दिली, "हाताला इसावा. डबा उघडायचा न्हाई."

हर्षालीनं उघडला नाही. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, मित्रांनो! हत्यारं पुसायची, पुजायची. भिमाजींनी पान्हे, पकडी, पहार, विळे, खुरपी सगळं रॉकेलच्या फडक्यानं लखलखीत केलं आणि पाटावर मांडलं. हर्षाली झेंडूची फुलं तोडायला मळ्यात गेली होती. इतक्यात त्यांची नजर माझ्या डब्याकडे गेली.

"आगं, पोरीचं हत्यार कसं इसरलो मी!" ते केवढ्या कौतुकानं म्हणाले. त्यांनी मला बाहेर काढलं, रॉकेलच्या फडक्यानं रगडून पुसलं. पांढऱ्या रेघा क्षणात गेल्या. मग त्यांना वर आलेली स्क्रूची डोकी दिसली.

"आरं तिच्या! ह्ये दोन्ही तर ढिलं! परवा ऐन वक्ताला निसटलं असतं म्हंजी?"

"अवो, तात्यांना तरी इचारा," हर्षालीची आई उज्ज्वला म्हणाली.

"स्क्रू आवळायला तात्याला काय इचारायचं? हयात गेली माझी ह्यातच."

आणि त्यांनी पेचकस लावला. कट् कट् कट् कट्! मी मोजत होतो. वरचा पंचवीस कट्, बाजूचा दहा कट्, थेट शेवटापर्यंत. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आम्हा वस्तूंना तोंड असून बोलता येत नाही. वर त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि मनापासून हात जोडले. राग तरी कसा धरू मी?

मंचरला एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. जिथे एरवी लग्नाच्या पंगती बसतात, तिथे नेमाची कार्डं दोऱ्यांवर टांगली होती. मागे खुर्च्यांवर तात्या आणि भिमाजी बसले. बोलायला सक्त मनाई. कार्डावर ऐन मधल्या घराला दहा गुण, बाहेरच्या प्रत्येक घराला एकेक कमी. सव्वा तासात चाळीस छर्रे मारायचे, त्याआधी त्याच वेळात सरावाचे हवे तेवढे. पहिल्या तिघींचीच निवड होणार होती.

हर्षालीनं सरावाचा पहिला छर्रा मारला. कार्ड सरकत जवळ आलं. छर्रा काळ्याच्या बाहेर, पार खाली डावीकडे, पाचाच्या घरात! तिचा चेहरा उतरला. घाबरून हात हलला असेल, असं तिला वाटलं. पाणी प्यायली, दुसरा मारला. तिथेच. पकड बदलून तिसरा. तिथेच. चौथा, पाचवा... पाचही छिद्रं एका रुपयाखाली झाकली असती.

पाचीच्या पाची एकाच जागी चुकले, म्हणजे पट्टी चुकली! तिनं मला डोळ्यांजवळ नेलं. पांढरी रेघ नाही. स्क्रूची खाच नखानं खरवडली, तर आत कुंकू, आणि कडेला पेचकसाचा ताजा ओरखडा. मला कळलं, की तिला कळलं. आता ही मागे वळणार, असं मला वाटलं. ती वळली नाही.

माझा स्क्रू तिनं एकटीनं कधी फिरवला नव्हता. तिनं खिशातला पेचकस काढला. स्क्रू शेवटापर्यंत आवळलेला, म्हणजे सोडायचा कुठल्या दिशेनं याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता किती? तिनं वरचा दहा कट् सोडला आणि तीन छर्रे मारले. दोन घरं वर आले! ओठातल्या ओठात ती शाळेतलं त्रैराशिक पुटपुटली. दहा कट्ला दोन घरं, तर राहिलेल्या तीन घरांना पंधरा. डावीकडून दोन घरं आणायची, तर बाजूच्या स्क्रूला दहा. कट्, कट्, कट्... वाहवा गं माझ्या वाघिणी! त्यानंतरचे पाच छर्रे थेट काळ्याच्या पोटात. घड्याळात पंचेचाळीस मिनिटं उरली होती.

मग खरी स्पर्धा सुरू झाली. नऊ, दहा, नऊ, आठ. सतराव्याला घात झाला. छर्रा सहावर! हर्षालीचा हात झटकन माझ्या स्क्रूकडे गेला. मागे तात्यांनी डोळेच मिटून घेतले. अगं, नको! मी मनातल्या मनात बोंबललो. तिचं बोट स्क्रूवर टेकलं, थांबलं आणि मागे आलं. तिनं मला टेबलावर ठेवलं, हात झटकले, लांब श्वास घेतला. एक छर्रा चुकला तर हात चुकला. पुन्हा उचललं, माशी लख्ख दिसली. दहा!

निकाल फळ्यावर लागला. तिसरी आली हर्षाली, तीनशे बावन्न. चौथीचे तीनशे एक्कावन्न. तात्यांनी टोपी हवेत उडवली आणि ती पंख्यात अडकता अडकता राहिली.

सराव चालू असताना तिनं स्क्रूची खाच नखानं खरवडली, तेव्हाच भिमाजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. परतीच्या वाटेवर नारायणगावला जीप चहाला थांबली, तेव्हा त्यांच्यानं राहवेना.

"पोरी, ते स्क्रू... मीच आवळलं गं. खंडेनवमीला."

"ठावं हाय मला," हर्षाली म्हणाली. "खाचंत कुंकू व्हतं."

"मंग तवा मागं वळून का न्हाई बघितलं? चांगली शिवी हासडायची!"

"तुमचं तोंड बघितलं असतं, आण्णा, तर माझा हात हलला असता. आन् हात हलला असता तर त्ये कुठल्याच स्क्रूनं नीट झालं नसतं."

भिमाजींच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाले, "दादा, आणखी एक भजी पलेट आण! माझी पोर राज्याला चाललीय!"

मित्रांनो, हर्षाली पुढे गेली. तिला नवं पिस्तूल मिळालं. मी पुन्हा बराखीत आहे आणि नव्या पोरींच्या हातांशी ओळख करून घेतोय. तुमच्याकडे मागणं एकच. आम्हा वस्तूंना पुसा, पुजा, जपा. पण कुणाच्याही हत्याराचा, यंत्राचा, वाद्याचा स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या धन्याला विचारा. तुम्हाला जे ढिलं दिसतं, ते कुणीतरी दोन महिने खपून तेवढंच ठेवलेलं असतं.

आता खंडेनवमीला भिमाजी बंद डब्यावरच फूल वाहतात. आणि बराखीत नवी पोर आली, की तात्यांच्या आधी तेच पुढे होतात, माझ्यावरची पांढरी रेघ दाखवतात आणि सांगतात, "हिला हात लावायचा न्हाई बरं का. मी लावला व्हता एकदा."