सुमनबाईंची शेवटची आंघोळ

गरम पाण्याची बादली निकितानं उंबऱ्यावर ठेवली आणि चटकन मागं सरली.

"आई, तुम्हीच घ्या आत. आम्ही आहोत बाहेर."

सुनेकडं न बघता चंद्रभागाबाईंनी बादली उचलली, दार लोटलं. आत चटईवर शेजारीण सुमनबाई निजल्या होत्या. पहाटे पाचला गेल्या होत्या. पंचवटीतल्या त्या बोळात बाईमाणूस गेलं की आंघोळ घालायला तीस वर्षं चंद्रभागाबाईंनाच बोलावणं यायचं. या दोघींचं तर ठरलेलंच होतं, मागं राहील तिनं दुसरीला न्हाऊ घालायचं.

पण गेले पंधरा दिवस बोळानं चंद्रभागाबाईंनाच वाळीत टाकलं होतं. पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनआधी त्यांचं रक्त तपासलं, तर खाजगी लॅबनं एचआयव्ही पॉझिटिव्हचा रिपोर्ट मुलाच्या, महेशच्या मोबाइलवर धाडला. संध्याकाळपर्यंत तो साऱ्या बोळाला पाठ. सरकारी केंद्रातल्या तपासण्या एकमेकींशी जुळेनात, म्हणून चौदा दिवसांनी पुन्हा बोलावलं.

तेवढ्यात घरात चमत्कारिक प्रकार सुरू झाला. आधी त्यांचा कप गेला, मग ताट, मग त्यांच्या उशीशेजारची नातीची उशी. भांडण नाही, आवाज नाही. सकाळी उठावं तर आणखी एक वस्तू जागेवर नसायची. आपण गेलोच आहोत आणि आपल्याला सांगायचं तेवढं राहिलंय, असं त्यांना वाटू लागलं.

सोबत होती ती भिंतीची. दोन्ही घरांची भिंत एकच. अंथरुणाला खिळलेल्या सुमनबाई रोज दुपारी चारला पलीकडून वाटीनं तीनदा वाजवायच्या, इकडून चंद्रभागाबाई तीनदा. आज सकाळी सातलाही तीन टकटक आल्या होत्या. त्यांनी उत्तरही दिलं होतं. मग दारात सुमनबाईंचा मोतीराम आला, मान खाली घालून.

"काकू, येता का? आई गेली, दोन तास झाले. बायका म्हणतात, आता तिला तुमचं काय लागणारे?"

दोन तास! मग सातला भिंत वाजवली कुणी? चंद्रभागाबाई तशाच निघाल्या.

आता त्यांनी सुमनबाईंचा हात हातात घेतला. पंधरा दिवसांत माणसाचा हात पहिल्यांदाच हाती आला होता, आणि तो गार होता. त्यांना रडू फुटलं. पाणी ओतत त्या हळूहळू बोलू लागल्या.

"काल संध्याकाळी रिपोर्ट आणला गं. मला तो आजार नाहीच. तिथली मुलगी म्हणाली, 'मावशी, तुम्हाला ल्युपस आहे ना? त्यात शरीर स्वतःशीच भांडतं. त्या भांडणात रक्तात जे तयार होतं, त्यानं कधीकधी तपासणीचं किट फसतं. नेहमी नाही, पण होतं असं. म्हणून एका तपासणीवर थांबायचं नसतं.' घरात कुणी विचारलंच नाही. म्हटलं, आज चारला तुला भिंतीतून ओरडून सांगीन."

त्यांनी अंग पुसलं, नवं लुगडं नेसवलं, केस विंचरले. मग तो गार हात उचलून त्याच्या बोटांनी भिंतीवर तीनदा वाजवलं. पलीकडं त्यांचं स्वतःचं घर होतं. बाहेरच्या बायकांची कुजबुज एकदम थांबली.

त्या बाहेर आल्या. बायकांनी वाट दिली, नको तेवढी रुंद.

"आई," निकितानं लांबूनच विचारलं, "आत कुणाशी बोलत होता? काल केंद्रात गेला होता ना, रिपोर्ट आला का?"

"आला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "जिला सांगायचा होता, तिला सांगितला."

रिकामी बादली उंबऱ्याशी पालथी घालून, ओले हात पदराला पुसत त्या घराकडं चालू लागल्या.