तव्यावरची खारी

मी एक तवा बोलतोय. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तापायला मला वेळ लागतो, पण एकदा तापलो की लवकर निवत नाही. माझ्या कडेपासून मधोमधपर्यंत एक तडा गेलाय. तो कसा गेला ते सांगणार आहे. गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा आधीच माफी मागत नाही.

चौक गावात हायवेच्या कडेला, एका टपरीवर आम्ही सोळा तवे उलटे मांडलेले होतो. कर्जतजवळच्या कळंबची सुनिता आली आणि बोटाच्या पेराने एकेकाला ठोकून पाहू लागली. माझ्यापाशी थांबली. पुन्हा ठोकलं. "ह्यो नीट वाजतोय रं, ह्योच दे," ती टपरीवाल्याला म्हणाली. तिच्या नवऱ्याने, दशरथने, मला आपल्या टेंपोत सीटखाली ठेवलं आणि आम्ही घरी आलो.

पडवीत चूल होती. आत गॅसही होता, पण भाकरी चुलीवरच व्हायची. सुनिता शनिवार-रविवार जवळच्या एका रिसॉर्टवर भाकऱ्या थापायला जायची. मुंबईचे पाहुणे तिच्या बाजूला उकिडवे बसून फोटो काढायचे, "वॉव, चुलीवरची भाकरी" म्हणायचे आणि रात्री पिझ्झा मागवायचे. सुनिता घरी येऊन हे सांगायची आणि पोट धरून हसायची.

मग समिधा आजारी पडू लागली. त्यांची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची. अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, छाती घरघरायची. कुणी म्हणालं पित्त. कुणी म्हणालं नजर. दोन वर्षं गावाने फुकटचे सल्ले दिले. शेवटी पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईने तपासण्या केल्या आणि सांगितलं, की या मुलीला यीस्ट चालत नाही. पाव फुगतो ते यीस्ट. पाव, ब्रेड, खारी, बटर, टोस्ट, केक सगळं बंद. आंबवलेलंही नको, म्हणजे इडली, डोसा, जिलबीही गेली.

"मग खायचं काय तिनं?" सुनिताने विचारलं.

"तुमच्या घरात पूर्वी जे खात होते ते," बाई म्हणाल्या.

ऐकायला सोपं वाटतं. पण कर्जत-खालापुरात पोराला घेऊन एक दिवस फिरून बघा. स्टेशनबाहेर वडापाव, शाळेसमोर वडापाव, शिळफाट्यावर मिसळपाव. वाढदिवसाला केक, पंधरा ऑगस्टला क्रीमरोल. लग्नात भाजीचं कटलेट असतं आणि त्यात पावाचा चुरा असतो, हे सुनिताला कळलं तेव्हा समिधाचे ओठ आधीच सुजले होते. दुकानातलं पाकीट उन्हात धरून मायलेकी बारीक अक्षरं वाचायच्या. सुनिता सातवी शिकलेली. समिधा एकेक इंग्रजी अक्षर लावून आईला सांगायची. पोट इथलं, दुकान इथलं, दुकानदार इथला, आणि जीवावर बेतणारी गोष्ट तेवढी परक्या भाषेत, मुंगीएवढ्या अक्षरांत! छापणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

पण सुनिता रडत बसली नाही. तिने मला कामाला लावलं. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी. पीठ आंबू न देता, कालवल्या कालवल्या घातलेलं घावन. केळीच्या पानातली पानगी. भाजलेले शेंगदाणे, चणे. दिवाळीच्या पुढेमागे डोंगरावरच्या आदिवासी वाडीतून चिमा यायची. राखेच्या पाण्यात उकडून कडूपणा काढलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, फडक्यात बांधून आणायची. समिधा मीठ लावून ते गरम गरम खायची.

तरी पोरगी एकदा शाळेतून रुसून आली. "आई, विपुल मला भाकरतुकडी म्हणतो. सगळ्यांच्या डब्यात खारी असते."

सुनिताने नाचणीचं पीठ घेतलं. जिरं टाकलं, तेल चोळलं, कागदासारखं पातळ लाटलं, सुरीने चौकोन पाडले आणि निखारे बाजूला ओढून मंद आचेवर मला अर्धा तास राबवलं. चौकोन कडक झाले, कुडकुडीत.

"ही घे गं तुझी खारी. तव्यावरची."

दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आला. "विपुलनीच चार खाल्ल्या," समिधा म्हणाली. सुनिता इतकी हसली की तिचा उलथन्याचा हात माझ्यावर वाजत राहिला.

एकच गोष्ट तिने मुलीला पाठ करून घेतली होती. विचारल्याशिवाय खायचं नाय. मोठ्या माणसांनी दिलं तरी नाय.

समिधा दहा वर्षांची असताना भातकापणीत सुनिताला ताप भरला. पाचव्या दिवशी तिला दवाखान्यातून घरी आणलं ते झाकून.

आमच्या आळीची रीत अशी, की माणूस गेलं की तीन दिवस त्या घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी आणून घालायचं. रीत वाईट नव्हती. दशरथची आई गेली तेव्हा घराघरातून पिठलं-भाकरी आली होती. आता भाकऱ्या कोण थापतं? येणारा प्रत्येक जण वाटेत बेकरीवर थांबला. संध्याकाळपर्यंत पडवीत पावाच्या लाद्या, खारीचे पुडे, बटरच्या पिशव्या यांचा ढीग लागला. आणि त्या ढिगाशेजारी समिधा गुडघ्यांत मान घालून बसली होती.

चिमा पहिल्याच दिवशी आली. करांदे घेऊन आली. धोंडूबाईने, म्हणजे दशरथच्या चुलतीने, तिला पायरीवरच अडवलं. "तिथंच ठेव गं. सुतकाचं घर हाय. कुठं शिजवलंस, काय शिजवलंस..." गाठोडं पायरीखाली राहिलं. कोंबड्यांनी उकरलं. बेकरीतला पाव कुणी मळला, कुठे मळला, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मी चुलीवर थंड पडून हे सगळं पाहत होतो.

"मला पाव चालत नाय, आजी," समिधा म्हणाली.

"आज हट्ट नाय करायचा बाळा. आई गेली ना तुझी."

आळीच्या लेखी ते अजून पित्तच होतं. ज्याला खरं माहीत होतं तो दशरथ भिंतीला टेकून बसला होता. त्याला हाक मारली तरी ऐकू जात नव्हती. पोरीने दोन केळी खाल्ली, चहा प्यायली, आणि हातात दिलेली खारी मुठीत धरून झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया ओढ्यावर गेल्या होत्या. समिधा उठली. तिने काड्या रचल्या, चूल पेटवली, मला नीट बसवलं. परातीत पीठ मळलं. पीठ सैल झालं. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. पण तिने ती माझ्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला, अगदी आईसारखा. मी तापलो होतो. मला वाटलं, ही एक भाकरी फुगली पाहिजे. माझ्या सगळ्या आयुष्यात मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

धोंडूबाई आली. धूर पाहून किंचाळली. "अगं, आईची राख निवली नाय अजून, आन् तू चूल पेटवलीस?" हातातला भरलेला हंडा तिने चुलीवर ओतला.

बीडाला हे सोसत नाही. कडकडीत तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं आणि मी तडकलो. आवाज आळीभर गेला. अर्धकच्ची भाकरी राखेच्या चिखलात पडली.

समिधा रडली नाही. तेच वाईट झालं. धोंडूबाईने पुढे केलेलं चहात बुडवलेलं बटर तिने खाल्लं. एक नाही, तीन. पोरगी दीड दिवस दोन केळ्यांवर होती.

पंधरा मिनिटांत तिचे डोळे मिटले इतका चेहरा सुजला. छातीतून शिट्टी वाजू लागली. तेव्हा कुठे दशरथ भिंतीपासून उठला. "काय दिलंत तिला? कुणी दिलं?" तो ओरडला, तिला उचललं, टेंपो काढला. कर्जतला इंजेक्शन मिळालं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. एका घरातून दोन दिवसांत दोन जणी गेल्या असत्या. दुसरी गेली असती ती माणसांच्या मायेपायी.

धोंडूबाईवर सगळं ढकलून मला मोकळं होता येणार नाही. ती दुष्ट नव्हती. त्या रात्री ती रिकाम्या चुलीपाशी बसून माझ्या तड्यावरून बोट फिरवत होती. "माझ्या हातून काय झालं असतं रं," असं मलाच म्हणाली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती काठी टेकत डोंगर चढून वाडीत गेली. चिमाच्या ओट्यावर बसली. परत आली ती पदरात करांदे घेऊन. स्वतः सोलून, मीठ लावून तिने दवाखान्यातून घरी आलेल्या समिधाला भरवले. कुठे शिजवले, हे तेव्हा तिने विचारलं नाही. पोरीने खाल्ले, पण मान वर केली नाही.

याला आता वर्ष होत आलं. माझ्यावर भाकरी होत नाही. तड्यातून जाळ वर येतो, पीठ चिकटतं. दशरथने नवा तवा आणलाय, काळा, चकचकीत, हलका. समिधा त्यावर भाकऱ्या करते. आता बऱ्या होतात. मी खुराड्याच्या दारापुढे उभा असतो, रात्री मुंगूस आत जाऊ नये म्हणून.

परवा समिधाने मला तिथून उचललं. पुसलं. आईसारखं बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. ठप्प. नुसता ठप्प आवाज. मग तिने मला निखाऱ्यांवर ठेवलं, तडा टाळून एका अंगाला नाचणीचे चार चौकोन मांडले आणि समोर बसून राहिली. दोन करपले. दोन कुडकुडीत झाले. एक तिने खाल्ला. दुसरा आईच्या फोटोपुढे ठेवला आणि मला परत खुराड्यापाशी नेऊन लावलं.

माझं मागणं एवढंच आहे. ज्या घरी माणूस गेलंय तिथे जाल तेव्हा बेकरीवर थांबू नका. एक तवा तापवा, चार भाकऱ्या थापा, हात दुखले तर दुखू द्या. आणि त्या घरातलं एखादं पोर "मला चालत नाय" म्हणालं, तर त्याच्या तोंडात घास घालण्याआधी त्याच्या समोर बसा आणि विचारा, बाळा, तुला काय चालतं? सुनितानेही डॉक्टरीणबाईंना तेवढंच विचारलं होतं.