काट्यावरचं बिऱ्हाड

मला वजनातलं कुणी शिकवू नका. मार्केट यार्डात माझी ज्वारीची आडत हाय आणि आडतीच्या दारात माझा स्वतःचा काटा हाय, अख्खा ट्रक चढतो त्यावर. पोतं नुसतं हलवलं तरी आत दाणा किती आणि खडा किती हे हा चन्नप्पा सांगतो. तर अशा माणसाची भर यार्डात फजिती कशी झाली ते माझ्याच तोंडून ऐका. दुसरा कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल.

माझी बायको कमलम्मा. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. खाली बसायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. त्यामुळं कुठं जायचं नाव काढलं की तिचा पहिला प्रश्न, "तितं संडास कसला हाय?" ढाब्यावरचे संडास तुमाला ठाऊकच हायत. बाईनं प्रवासच सोडून दिला. आणि तिची थोरली बहीण शिवबाई तिकडं धारवाडात अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी दोघी फोनवर कानडीत बोलायच्या आणि बोलता बोलता रडायच्या. एक दिवस शिवबाई म्हणाली, "डोळे मिटायच्या आधी तोंड तरी दाखव गं." त्या दिवशी कमलम्मा जेवली न्हाय. मला काय ते बघवंना.

मग आमचा प्रभुलिंग म्हणाला, "अप्पा, घरच चाकावर घालून नेऊ की." म्हणजे कॅम्पर. आतच पलंग, आतच शेगडी, आतच खुर्चीसारखा संडास. जुन्या गाड्या विकणारा जोतिराम माझ्या ओळखीचा. त्यानं दोन गाड्या दाखवल्या. एक साधी पांढरी, आत फळ्यांचे पलंग, शेगडी आणि संडास. मी म्हटलं, "ही दूधगाडी कुणाला दाखवतोस रे?" दुसरी मात्र राजेशाही! सोफा, टीव्ही, लाकडी कपाटं, टपावर एसी, मागं जनरेटर.

"अण्णा, सहा जण पाय पसरून झोपतात हिच्यात," जोतिराम म्हणाला.

आमी घरात सहाच. आमी दोघं, प्रभुलिंग, सून सिद्धेश्वरी आणि दोन नाती. मन बसलं. पण मी पडलो आडत्या, काटा केल्याबिगर म्या घोडंसुद्धा घेणार न्हाय. म्हटलं, "यार्डात आण. सामान भरून काट्यावर चढवू, मग इसार."

आरसी बुकात लिहिलं होतं, गाडी भरून साडेतीन हजार किलोच्या वर जायची न्हाय. मोकळी गाडी काट्यावर भरली तीन हजार. राहिलं पाचशे. मला हसू आलं. बहिणीला भेटायला जायला पाच क्विंटल सामान कुणाला लागतंय?

आमाला लागतंय! कडक भाकऱ्यांचे दोन डबे चढले. शेंगाचटणीचा डबा चढला. चटणी संपली तर कुटायला दगडी उखळ चढलं, कारण शिवबाईला मिक्सरातली चटणी चालत न्हाय. तिच्यासाठी ज्वारीचं पोतं. तिच्या सुना-नातवंडांसाठी चादरींचा गठ्ठा. दोन सिलिंडर. नातींच्या दोन छोट्या सायकली. प्रभुलिंगनं पाण्याची टाकी गळ्यापर्यंत भरली आणि वर मला विचारतो, "अप्पा, पाणी कुटं वजनात धरतात?" आडत्याचं पोरगं हे!

"चला, सगळे खाली उतरा," मी ओरडलो. आमच्या यार्डाची रीतच हाय ती. काटा करताना ड्रायव्हरसुद्धा खाली उतरतो. वजन मालाचं करायचं, माणसाचं कशाला? माणूस काय विकायचाय?

तीन हजार चारशे ऐंशी. "बघा! वीस किलो राखून!" मी पेढे आणायला माणूस पिटाळला. सगळी मंडळी फोटो काढायला गाडीत चढली, शेवटी मीपण चढलो. तेवढ्यात काट्यावरचा मायाप्पा केबिनीतनं बोंबलला, "मालक, आकडा पळालाय!"

केबिनीवरच्या पाटीवर तांबडे ढब्बू आकडे. पार रस्त्यावरनं दिसतात. तीन हजार आठशे साठ.

"अरे, माणसं हायत आत. ती कशाला धरतोस?" मी खेकसलो.

सिद्धेश्वरी शांतपणे म्हणाली, "मामंजी, मग धारवाडला जायचंय कुणाला? पोत्याला?"

यार्डातले हमाल गोळा झाले होते. ते फिदीफिदी हसले. मी जोतिरामाची गचांडी धरली. "सहा जण म्हणालास की!"

"झोपतात म्हणालो, अण्णा. झोपतातच की. सामानासकट पळतात असं कुटं म्हणालो?"

एक हमाल म्हणाला, "मालक, ट्रक न्हाय का भरत दीडपट? हाणा तशीच." पण एवढं जास्त घेऊन उताराला ब्रेक लागला न्हाय तर? आत माझ्या नाती. छे!

मग भांडण पेटलं. उखळ काढा, न्हाय पाणी काढा, न्हाय सायकली काढा. सायकलींचं नाव निघताच नातींनी भोकाड पसरलं. मायाप्पानं शहाणपणा केला, "एकेक माणूस उतरवून बघू, कोण किती भरतंय ते." प्रभुलिंग उतरला. पाटी हलली. हमालांनी गिल्ला केला, "ऐंशी!"

ते ऐकलं आणि कमलम्माचा चेहरा उतरला. "साकु," म्हणाली, म्हणजे पुरे. सगळ्यांना बरोबर घेऊनच खाली उतरली, तिचा एकटीचा आकडा कुणाला कळू नये म्हणून. आडतीच्या दारातल्या खुर्चीवर जाऊन बसली. "तुमी जावा. मी न्हाय आले की सगळं बसंल. अक्काला भाकऱ्या द्या. म्हणावं, कमळी निघाली होती."

जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच खाली, आणि सोफा गाडीत! आग लागो त्या सोफ्याला!

"जोतिराम, ती दूधगाडी आण!"

आणली. मोकळी काट्यावर चढवली. दोन हजार सहाशे. पासिंग तेच, साडेतीन हजारांचं. म्हणजे त्या सोफ्यानं, टीव्हीनं आणि जनरेटरनं मिळून आमचं अख्खं घर गिळलं होतं! म्हटलं, "आता आधी माणसं चढवायची, मग माल."

पण कमलम्मा जागची हलंना. "भर यार्डात हमालांच्या तोंडी माझं वजन? बेडा. नको मला धारवाड." म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. बहीण तिकडं वाट बघतीया आणि ही आकड्यासाठी अडलेली. मला राग आला, पण कुणावर काढायचा?

मी गठ्ठ्यातनं दोन जाडजूड सोलापुरी चादरी ओढल्या, या वयात शिडीवर चढलो आणि पाटीवर पांघरल्या. हमालांना हाकललं. मायाप्पाला म्हटलं, "जा, चहा पिऊन ये, आणि सावकाश ये." आणि केबिनीत मी स्वतः बसलो.

प्रभुलिंग चढला, सिद्धेश्वरी चढली, नाती चढल्या. सगळ्यात शेवटी सुनेचा हात धरून कमलम्मा चढली. आतल्या छोट्या काचेवर मी आकडा बघितला. तो मी कुणाला सांगणार न्हाय, तुमालाबी न्हाय. मग सामान चढलं. उखळासकट, सायकलींसकट.

खिडकीतनं तिनं हळूच विचारलं, "किती भरलं?"

"बसतंय," मी म्हटलं.

"तुमच्यासकट?"

स्वतःला धरायचं पुन्हा राहिलंच होतं की! जन्मभराची सवय, काट्याबाहेर उभं राहायची.

कमलम्मा खुदकन हसली. किती दिवसांनी हसली बाई! "या वर," म्हणाली, "आणि त्या चादरी काढा आधी. यार्डाला तुमचं बघू द्या."

काढल्या. चढलो. हमाल लपून बसलेलेच होते, एका सुरात ओरडले, "नव्वद!" पाटीवर तीन हजार चारशे साठ. चाळीस किलो राखून.

तोवर कमलम्मानं फोन लावलासुद्धा होता. कानडीत ओरडत होती, साऱ्या यार्डाला ऐकू जाईल अशी, "अक्का, निघालो गं! चटणीला शेंगा भाजून ठेवायला सांग सुनांना, उखळ मी आणतीया!"