क्लिफर्डने पास केलेला डॉक्टर

“किती गोड बोलतो पोरगा!” डॉक्टरच्या खोलीतून बाहेर येत डोरीन म्हणाली. “पण क्लिफर्ड, मला कॅन्सर झालाय की नाही?”

तिच्या नवऱ्याची, क्लिफर्ड हेगची, पंचाईत झाली. तोही आत तिच्या शेजारीच बसला होता आणि त्यालाही काही कळलं नव्हतं. पण कबूल कोणत्या तोंडाने करणार? डॉक्टर जूलियन फेन हे त्यानेच पारखलेलं रत्न होतं.

गॅसचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर क्लिफर्डला एक मानाचं काम मिळालं होतं. तज्ज्ञ व्हायला निघालेल्या तरुण डॉक्टरांची निवड लीड्सला व्हायची. तिथे हा खोटा नवरा व्हायचा. डॉक्टरने त्याला खोट्या बायकोचा आजार सांगायचा, याने रडायचं, आणि डॉक्टर कसा बोलला याचे गुण द्यायचे. आमच्या हडर्सफील्डच्या नाटकमंडळीत त्याला जन्मभर बटलरचंच काम मिळालं, त्यामुळे इथे तो जीव तोडून रडे. फेनला त्याने दहापैकी दहा दिले होते आणि पबमध्ये ज्याला त्याला ऐकवलं होतं, “हा पोरगा नाव काढणार. आपली पारख चुकायची नाही!”

“तूच पास केलास ना त्याला? मग जा, विचारून ये,” डोरीन म्हणाली.

क्लिफर्ड गेला. फेनने खुर्ची पुढे ओढली, मान बेताची कलती केली. “तुमच्या मनात खूप प्रश्न असतील. ते अगदी स्वाभाविक आहे.” क्लिफर्डने त्याचे आभार मानले आणि तो बाहेर आला.

“काय म्हणाला?”

“प्रश्न असणं स्वाभाविक आहे म्हणाला.”

“अरे देवा! याला लग्नात भाषणं करायला पाठवा कोणीतरी.”

समोरून जाणारी एक उंच, विस्कटलेल्या केसांची डॉक्टरीण थबकली. क्लिफर्डने चटकन वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मॉइरा टेट! हिला त्याने दोन गुण दिले होते आणि घरी येऊन डोरीनला तसं सांगितलंही होतं. धीराचा एक शब्द बोलली नव्हती बया. नुसती गप्प बसून राहिली आणि शेवटी, घरी स्वयंपाक कोण करतं, एवढंच विचारलं. प्रतीक्षायादीतून कशीबशी आत शिरली असणार.

“तुम्हीच ना ते?” ती म्हणाली. “तुमची बायको जाणार होती...”

“जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच-सहा वेळा जायची,” डोरीन म्हणाली. “खरी बायको मीच. पोरी, माझे कागद बघून सांगतेस का, काय झालंय मला?”

टेट फेनच्या खोलीत गेली, कागद वाचून आली, दोघांना एका रिकाम्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं.

“कॅन्सर आहे, मिसेस हेग. यकृतातही पसरलाय. बरा होणार नाही. औषधाने काही काळ रोखता येईल.”

डोरीनने मान हलवली. “आत्ता कळलं.”

“किती काळ?” क्लिफर्डने विचारलं.

“मला माहीत नाही.”

असल्या उत्तराला त्याने लीड्समध्ये शून्य दिलं असतं. टेट पुढे काही बोलली नाही. क्लिफर्डला भयंकर भीती वाटत होती, आणि ही बाई आता उठून जाऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं. ती उठली नाही.

“दोन गुण दिलेस हिला?” हॉस्पिटलच्या दाराशी आल्यावर डोरीन म्हणाली. “गाढवा!”

बाहेर वारा सुटला होता. तिच्या कोटाची बटणं लावायला क्लिफर्ड वाकला. बटणं काही केल्या लागेनात. मग तिनेच ती खालून एकेक लावत आणली, आणि तो कोटाच्या दोन्ही कडा जुळवून धरून तिच्यासमोर उभा राहिला.