अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी

वन्सं आल्या त्या थेट शिवणाच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन. गठ्ठा धप्पकन खाली पडला आणि कोंबड्यांच्या खाद्याचा भुगा खोलीभर उडाला.

"अहो वन्सं, ही शिवणाची खोली आहे, खुराडं नाही," वहिनी पदराने नाक दाबत म्हणाली.

"शिवणाची? वर्षभर मशीनवर चादर पडली आहे ती!"

वहिनीला ते झोंबलं, कारण खरं होतं. लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि तिच्याकडे पँटी आखूड करणं, चेन बदलणं एवढंच उरलं. एक दिवस रागारागाने तिने मशीन झाकून टाकलं. तेव्हापासून घरात मशीनऐवजी तिचं तोंडच चालत होतं.

वन्संचं काम वेगळंच होतं. रविवारी वाचनालय रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत जाणार होतं आणि पुस्तकं सभासदांनीच वाहून न्यायची होती. जमवलेली खोकी इतकी जुनी, की उचलली की तळ निसटायचा. ग्रंथपालबाईंनी गाऱ्हाणं सांगायला आणि वन्संनी शब्द द्यायला एकच गाठ पडली. साठ पिशव्या, शनिवारपर्यंत.

"शब्द तुम्ही द्यायचा आणि शिवायच्या मी?"

"मी धुते ना! एवढ्या कोंबड्या आणि चार गाई पाळते, माझ्याकडे पोत्यांना काय तोटा?"

नाही म्हणायला वहिनीने तोंड उघडलं होतं. पण हात आपसूक एका पोत्याकडे गेला. विणलेलं प्लॅस्टिक चिवट होतं, ओढून ताणून फाटत नव्हतं. "जाड सुई लागेल," ती पुटपुटली. वन्सं तेवढ्यात बादली भरायला गेल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या दोरीवर धुतलेल्या पोत्यांवर छापलेले कोंबडे आणि गाई ओळीने वाळत होते. वहिनीने चादर काढून मशीनला तेल पाजलं. पोत्याच्या कडेचे धागे सुटायचे म्हणून कड दोनदा दुमडायची. बंदांसाठी पट्ट्या कापून चौपदरी करायच्या आणि बंद जिथे बसेल तिथे शिवणीचा चौकोन मारून मध्ये फुली. टाचण्या चालत नव्हत्या, कारण या कापडाला सुईचं भोक पडलं की ते कायमचं. चुकलं तर उसवून उपयोग नाही.

"मी कुठे चुकतेय!" वहिनी म्हणाली.

गुरुवारी दुपारी वन्सं तळ शिवून झालेल्या नगांच्या घड्या घालत होत्या. एकाएकी त्या भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसता हसता खालीच बसल्या.

"झालं काय?"

"वहिनी, अगं… सगळे कोंबडे शीर्षासन करताहेत!"

वहिनीने नग ओढून घेतला. मापात कापल्यावर पोत्याच्या दोन्ही बाजू उघड्या झाल्या होत्या आणि तिने भलतीच बाजू तळ म्हणून शिवली होती. एक नाही, दोन नाही, चौदा! चाळीस वर्षं लोकांच्या मापात बोटभर फरक पडू न देणारी बाई ती. तिचा चेहरा इतका पडला, की वन्संचं हसू थांबलं.

"फुकट गेली सगळी. भोकं दिसणार."

"मला शिवणातलं कळत नाही," वन्सं जपून म्हणाल्या, "पण ती शिवणच कापून टाकली तर? भोकं तिच्याबरोबर जातील. मग दुसरीकडून तळ शिव. पिशवी दोन बोटं आखूड होईल, एवढंच ना?"

वहिनीने हातातल्या उलट्या कोंबड्याकडे बघितलं आणि तिलाही हसू फुटलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. या घरात ती कधी अशी हसली होती ते दोघींनाही आठवेना.

रविवारी रस्ताभर जनावरांची मिरवणूक निघाली. शब्दकोशांचे सहा खंड घेतलेल्या पिशवीचा बंदही कुरकुरला नाही. आखूड पिशव्या म्हाताऱ्यांनी पळवल्या, कारण त्यांत जास्त ओझं मावत नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापक मात्र अर्ध्या रस्त्यात थांबले. त्यांच्या पिशवीवर ठळक अक्षरांत होतं, 'फक्त अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी'.

"हे बदलून मिळेल का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"सर, गाय आहे एक. पण तिच्यावर 'दुभत्या जनावरांसाठी' लिहिलंय," वहिनी म्हणाली.

सरांनी क्षणभर विचार केला. "कोंबडीच राहू दे," म्हणाले आणि ऐटीत चालू लागले.

संध्याकाळी शेवटचं कपाट भरलं, तेव्हा एकही पिशवी परत आली नव्हती. मागायला गेलं की जो तो पिशवी पाठीमागे लपवत होता. ग्रंथपालबाई ओशाळून म्हणाल्या, "ज्यांना मिळाल्या नाहीत ते सभासद मागे लागलेत. आम्हाला अजून चाळीस लागतील हो."

"देऊ की!" वन्सं म्हणाल्या.

"वन्सं!" वहिनी कडाडली. मग ग्रंथपालबाईंकडे वळून म्हणाली, "पुढच्या शनिवारी या. आणि पुस्तकाचं माप आणा, या वेळी आतून कप्पा लावते."

घरी जाताना दोघी रस्ताभर कप्प्यावरून भांडत होत्या.