पाटीवरची चौथी ओळ

तुमच्या घराच्या दारावरची पाटी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

आपण रोज तिच्या शेजारून आत जातो, पण वाचतो ती दुसऱ्याच्या घरची. मी पाट्याच करते म्हणून हे माझ्या ध्यानात आलं. येरमाळ्याला हायवेच्या कडेला आमचं छोटं दुकान, ‘राजेश्वरी नेमप्लेट’. नाव माझंच. माझ्या मालकांनी, भागवतरावांनी, मशीन आणली त्या दिवशी पहिली पाटी कापली ती ही, आणि शेजारच्या टायरवाल्यापासून रसवंतीवाल्यापर्यंत सगळ्यांना बोलावून दाखवली.

काम तसं सोपं, पण हलक्या हाताचं. शीट दोन थरांची असते. आमच्याकडे जास्त खपते ती वरून तपकिरी आणि पोटात सायीच्या रंगाची. वरचा थर नखाएवढा पातळ. राऊटरचं, म्हणजे कोरायच्या मशीनचं, टोकदार बिट गरगर फिरत तेवढाच थर खरवडतं आणि खालचा रंग अक्षर होऊन वर येतो. बिट जरा खोल गेलं तर शीट वाया, जरा वर राहिलं तर अक्षर फिकं. म्हणून बिट खाली घेताना मी त्याच्याखाली वहीचा कागद मागंपुढं सरकवत राहते, आणि कागद अडला की समजते, टेकलं. भागवतराव म्हणतात, तुझ्या बोटांना डोळे आहेत.

अशी हजारो नावं मी कापली. माझं स्वतःचं एक नाव मात्र राहूनच गेलं. माहेरी, अणदूरला, मी दैवशाला होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर भागवतरावांनी अंगठीनं ‘राजेश्वरी’ लिहिलं, सगळ्या बायका हसल्या, मीही हसले, आणि त्या दिवसापासून मी राजेश्वरी झाले. त्याचं वाईट कधी वाटलं नाही. पण आई-वडील गेले, भाऊ रामकिसन घर विकून पुण्याकडे निघून गेला, आणि मग जुन्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. पंचमीला शेजारणी माहेरी निघाल्या की मी दुकानात जास्त वेळ बसायचे. एकदा रिकाम्या वेळी कॉम्प्युटरवर ‘दैवशाला’ टाईप केलं, थोडा वेळ बघत बसले, आणि पुसून टाकलं.

गेल्या वैशाखात बेंबळीच्या धुरपदाबाई आल्या. आमच्या गावच्या येडाईच्या दर्शनाला निघाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी नव्या घराची घरभरणी होती, परत येईपर्यंत पाटी हवी होती. कागदावर चार नावं होती: स्वतः त्या, त्यांचे मालक लिंबाजी, मुलगा कृष्णराज, सून मोनिका. त्यांना हव्या रंगाची एकच शीट उरली होती, आणि भागवतराव कळंबला एक बोर्ड बसवायला गेले होते. मी चार ओळी मांडल्या, कागद सरकवून बिट टेकवलं आणि मशीन चालू केली.

काम संपल्यावर ब्रशने चुरा झाडला, तर पाटीवर पाच ओळी. लिंबाजी, धुरपदाबाई, कृष्णराज, दैवशाला, मोनिका. नाव खाली कुठंतरी कोंबलेलं नव्हतं, भावाच्या खाली आणि भावजयीच्या वर, बहिणीचं असावं तिथं होतं, आणि पाचही ओळींतलं अंतर सारखं होतं. स्क्रीनवर बघितलं, चारच. कागदावर चारच. माझ्या हातून पुन्हा तेच नाव टाईप झालं असणार, अशी मी मनाची समजूत घातली. दुसरी शीट सोलापुरातून यायला दोन दिवस लागणार, आणि घरभरणी उद्यावर आलेली. कुणाच्या तरी आनंदाच्या कामात मी घोळ घातला, याचं मला रडू येऊ लागलं.

धुरपदाबाई कपाळभर कुंकू लावून परत आल्या. आमच्याकडे पाटीवरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म गिऱ्हाइकाच्या घरच्या बाईनंच काढायची, असा माझा रिवाज आहे. त्यांनी ती सावकाश सोलली आणि अक्षरांवरून बोट फिरवत एकेक नाव वाचलं. मी चाचरत सांगितलं की, मावशी, एक नाव जास्तीचं पडलं, चूक माझी आहे, पैसे देऊ नका.

त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. “जास्तीचं कसं, बाई? दिली म्हणून काय लेकीचं नाव गाळायचं व्हय?”

कुठं दिलीय, असं मी विचारलं.

“हितंच की, येरमाळ्याला,” त्या म्हणाल्या. “उद्या तू ये बरं. लवकर ये.”

त्यांच्या लेकीचंही नाव दैवशालाच असणार, असं धरून माझा जीव भांड्यात पडला. रात्री भागवतरावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जाऊन ये, तू तरी कुठं जातेस कधी.

बेंबळीला उतरले तेव्हा दारात मांडव होता, आणि नव्या रंगाच्या वासात पुरणाचा वास मिसळला होता. पाटी दाराच्या उजव्या अंगाला बसवली होती आणि तिला झेंडूची माळ घातली होती. मी उंबऱ्याशी पोचले तशी मोनिका “वन्सं आल्या” म्हणत तांब्या घेऊन धावली, तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी म्हणणार होते की, अहो, मी पाटीवाली. पण किती वर्षांनी माझ्यावरून कुणी तुकडा ओवाळला होता. मी उंबरा ओलांडला.

मग तो दिवस कसा गेला ते कळलं नाही. लिंबाजींनी मला जवळ बसवून घेतलं आणि वाळली आहेस म्हणाले. पुरणाच्या येळवणीची आमटी मला तिखट लागते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी माझ्या वाटीत तुपाची धार पडली. बायकांनी गाणी म्हणायला लावली, मी म्हटली, आणि शब्द विसरले तिथं धुरपदाबाईंनी पुढचा धरला. संध्याकाळी कृष्णराज पायरीवर येऊन बसला आणि मला चिडवू लागला.

“शाले, कोकरू आठवतंय का? दप्तरात घालून शाळेत नेलतंस.”

“गुरुजींनी हजेरी घेतली,” मी म्हणाले.

“दैवशाला म्हणून हाक मारली, अन् तुझ्या आधी कोकरूच बोललं. गुरुजी म्हणले, हजर हाय, लिहून घ्या.”

मी इतकी हसले की पदरानं डोळे पुसावे लागले. मोनिका हसली, लिंबाजी हसले, मांडवातली माणसं नुसती आमच्याकडे बघून हसली. आणि हसता हसता माझ्या मनात आलं की ही गोष्ट अणदूरची आहे, त्या दिवशी माझ्या शेजारी रामकिसन बसला होता. मी रामकिसनचा चेहरा आठवू लागले. कपाळ आठवेना, आवाज आठवेना. डोळ्यांपुढे येत होता तो हाच, कृष्णराज, लहानपणचा, शेंबडा, पाटीवर थुंकून ती पुसणारा.

अंधार पडू लागला तसं मी निघते म्हणाले. कृष्णराज म्हणाला, दाजींना फोन केलाय, राहू द्या म्हणलेत. त्याच्याकडे आमचा नंबर कसा, हे विचारायचं माझ्या मनात आलं, पण तेवढ्यात मोनिकानं अंथरूण घातलंसुद्धा. धुरपदाबाई उशाशी बसून माझ्या केसांना तेल लावू लागल्या. मावशी, पुरे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि “आई, पुरे” असं निघालं. त्या थांबल्या नाहीत. इतकी गाढ झोप मला कैक वर्षांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाराशिवला बस बदलून येरमाळ्याला उतरले. हातात आईनं बांधून दिलेल्या पुरणपोळ्या होत्या. दुकान उघडं होतं, वरची पाटी जागेवर होती, आत राऊटर चालू होतं. भागवतरावांनी मला बघून हसत स्टूल पुढं केलं, “बसा ताई” म्हणाले, आणि आत वळून हाक मारली, “राजेश्वरी, पाणी आण गं.” राऊटर थांबलं, आणि आतून “आणते” असा आवाज आला.